ट्रेडमार्कवरील हरकत: नोटीस चोख, पुराव्यात हयगय

कांदा-लसूण मसाल्याच्या आमच्या घरगुती व्यवसायाचे नाव जवळजवळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या एका उत्पादकाने नोंदणीसाठी अर्ज केल्याचे असे अर्ज प्रसिद्ध करणाऱ्या सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये आमच्या दृष्टीस पडले, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीला तीन महिने उलटून गेले होते. हरकतीसाठीची चार महिन्यांची मुदत वाढवून मिळत नसल्यामुळे आम्ही घाईघाईने पुण्यातील एका ट्रेडमार्क एजंटकडे काम सोपवले.

हरकतीच्या नोटिशीच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. आमचे नाव नोंदणीकृत नसल्याने हरकत घेताच येणार नाही, अशी आमची समजूत होती; परंतु १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातील कलम २१ नुसार कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते आणि कलम ३४ आधीपासूनच्या वापराला संरक्षण देते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. ‘कांदा-लसूण मसाला’ या शब्दांवर कोणाचीच मालकी असू शकत नाही, तेव्हा वाद केवळ या शब्दांच्या आधी येणाऱ्या नावापुरता आणि पाकिटाच्या मांडणीपुरता ठेवावा, हा त्यांचा सल्ला मोलाचा ठरला, कारण रागाच्या भरात आम्ही मसाल्याच्या नावावरही हक्क सांगायला निघालो होतो. समोरच्याचा अर्ज नोंदणीसाठी ठरलेल्या मालाच्या वर्गांपैकी वर्ग ३० मधील मसाले आणि वर्ग २९ मधील लोणची अशा दोन्हींसाठी असल्याने टीएम-ओ हा हरकतीचा अर्ज ऑनलाइन भरताना वर्गामागे २,७०० प्रमाणे ५,४०० रुपये सरकारी शुल्क पडले. एजंटचे शुल्क वेगळे, आणि तेवढ्या कामासाठी रास्त.

त्यानंतर मात्र सगळे थंडावले. नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने प्रतिनिवेदन, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, दिले नाही, तर त्याचा अर्ज आपोआप निकालात निघतो. आमच्या प्रतिस्पर्ध्याने ते वेळेत दिले. त्याची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत आम्ही पुरावा द्यायचा, किंवा नोटिशीवरच विसंबून आहोत असे कळवायचे. दोन्ही चुकले, तर हरकतच सोडून दिल्याचे मानले जाते. पत्रव्यवहाराचा पत्ता एजंटचा असल्याने प्रत त्यांच्याकडे आली, आणि आम्हाला ते समजले तेव्हा जेमतेम अठरा दिवस उरले होते. जुनी बिले, लेबले छापून घेतल्याच्या पावत्या, प्रदर्शनांतील गाळ्यांचे भाडे भरल्याचे कागद माळ्यावरून शोधून काढणे आणि त्यावर प्रतिज्ञापत्र करणे हे सारे आम्हालाच करावे लागले. त्यांच्याकडून आलेल्या मसुद्यात तर आमच्या पहिल्या विक्रीचे वर्षच चुकलेले होते.

पुरावा शेवटी मुदतीत दाखल झाला आणि सध्या अर्जदाराच्या पुराव्याची वाट आहे. केवळ नोटीस दाखल करून घ्यायची असेल, तर हा एजंट मी जरूर सुचवेन; पुढच्या टप्प्यांसाठी नेमताना मात्र प्रत्येक कागद हाती येताच आम्हाला पाठवण्याची अट लेखी घ्यावी. सुनावणीसाठी आम्ही दुसरा वकील पाहत आहोत, आणि तोवर अर्जाचा क्रमांक टाकून ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्थिती पाहण्याचे काम दर सोमवारी मी स्वतःच करते.