एक ते दहा मोजायचं ध्यान : आठ महिन्यांनंतर

आधी किंमत सांगतो, कारण आपल्याकडं पहिला प्रश्न तोच येतो. शून्य रुपये. घरातली जुनी वाकळ चौघडी करून भिंतीशी टाकली आणि मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला. एवढंच भांडवल.

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत टॅक्सची कामं करतो. महिन्याची ११ आणि २० तारीख आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण त्या दिवशी माझ्याशी कुणी बोलत नाही. ११ ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २० ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि कर. पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, बिलं पाठवणार १९ च्या रात्री, व्हॉट्सॲपवर, आणि निम्म्या फोटोंत बिलापेक्षा अंगठाच जास्त. गेल्या श्रावणात मला रात्री तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड. ईसीजी झाला, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "डोकं जरा शांत ठेवा." कसं ठेवायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

हे मोजणं सुरू करायच्या आधी ध्यानाचं एक ॲप वापरून बघितलं. त्यातल्या बाई इतक्या गोड हिंदीत बोलायच्या की मला बँकेचा कॉल आल्यासारखंच वाटायचं. सात दिवस फुकट म्हणाले आणि आठव्या दिवशी खात्यातून पैसे गेले. एका क्लासलाही गेलो. तिथं शांत होण्याआधीच पुढच्या लेव्हलची फी सांगितली. बाकी बोलत नाही.

ही पद्धत सांगितली वर्गमित्रानं. तो हातकणंगले तालुक्यात आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून आला होता. तिथं फी नसते, शेवटी इच्छा असेल तर दान. सुरुवातीचे तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघायचा, त्याला आनापान म्हणतात. मोजायला तिथं सांगत नाहीत. "पण तू आकड्यातला माणूस, तुला आकडाच पाहिजे," म्हणून मोजणं त्यानं माझ्यासाठी दुसरीकडून आणलं. श्वास सोडला की मनात एक. पुढचा सोडला की दोन. दहा झाले की परत एक. मधे कुठं हरवलो की चिडायचं नाही, एकपासून सुरू.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिले दोन आठवडे मी चारच्या पुढं गेलो नाही. तीनला एखाद्या पार्टीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आठवायचं की गेलोच. एकदा तर सतरावर सापडलो! म्हणजे तोंड मोजत होतं आणि मी लक्ष्मीपुरीत कुणाशी तरी भांडत होतो. पायाला मुंग्या, डाव्या गुडघ्यात कळ, वर झोप. गुडघा जास्त दुखला की सरळ खुर्ची घेतो, ध्यानात त्यानं काही फरक पडत नाही. झोपेसाठी डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या फरशीच्या सांध्याकडं बघत बसतो.

हौसेनं एकदा पहाटे रंकाळा तळ्यावरही बसून बघितलं. संध्यामठाकडं तोंड, थंड वारा, एकदम फोटोतल्यासारखं. पाच मिनिटांत तीन ओळखीचे. "काय, तब्येत बरी हाय न्हवं?" आपल्या गावात डोळे मिटून बसलेला माणूस आजारी तरी असतो नाहीतर कर्जात. तेव्हापासून घरचा कोपराच.

आता मूळ मुद्दा. मन गप्प होतं का? नाही. आठ महिन्यांत सलग दहापर्यंत न हरवता गेलो असे दिवस बोटावर मोजण्याइतके. बदललं ते वेगळंच आहे. गेलेलं मन लवकर सापडतं. पूर्वी सतराला सापडायचो, आता बहुतेकदा पाचला. आणि हे सापडणं वाकळेबाहेरही चालू राहतं. मार्च एंडला एक गिऱ्हाईक फोनवर आवाज चढवून बोलायला लागलं, तेव्हा मान ताठ झाल्याचं मला तोंडातून शब्द जायच्या आधी कळलं. आधी ते फोन आपटल्यावर कळायचं. जीएसटीचं पोर्टल मात्र २० तारखेला अजून तसंच अडकतं, त्यावर ध्यान चालत नाही.

श्वास सोडणं थोडं लांबवलं की धडधड उतरते, हे मनगटावर बोट ठेवून स्वतः बघा. घेताना नाडी किंचित पळते, सोडताना मंदावते. शरीराचीच रीत आहे ती, त्यात चमत्कार काही नाही. तीनची जाग अजून येते, पण आठवड्यातून एखादी, आणि परत झोप लागते. बीपीची गोळी चालू आहे. ध्यानामुळं गोळी सुटली म्हणणाऱ्यांचं ऐकून कुणी आपली बंद करू नका.

एक तक्रार मात्र आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात शांत बसलं की वडील आठवायला लागले. दवाखान्यातली शेवटची रात्र, त्यांच्या हाताला चिकटवलेली पट्टी, सगळं. आठ दिवस बसलोच नाही. मग डोळे उघडे ठेवून पाचच मिनिटं, असं परत सुरू केलं. ज्याच्या मनावर आधीच मोठा घाव आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे, त्यानं एकट्यानं तास तास बसू नये, डॉक्टरांना विचारून करावं.

मधे महिनाभर काहीच जमेना तेव्हा आईला म्हटलं, सोडून देतो. ती नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत येतात तेव्हा, अंबाबाईच्या देवळात जाऊन आली होती. म्हणाली, "किरणं कधी पायापाशीच थांबतात, कधी ढग आले तर येतबी नाहीत. म्हणून दार उघडायचं सोडतात का?"

बायकोही आता त्याच वाकळेवर बसते, माझ्यानंतर. पण ती मोजत नाही, माळ घेते. मोजणं हिशेबनीसांचं काम, म्हणते. एकशे आठ मणी कोण मोजतं, असं एकदा विचारलं, तर दोन दिवस चहा गार मिळाला.