बॉन्डवर सही मागितली की आधी मूळ कागदांचं विचारा

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की नाशिकमधल्या खाजगी हॉस्पिटलांची माणसं कॉलेजांत चकरा मारायला लागतात. आमच्या बॅचच्या वेळी, 2023 मध्ये, असंच एक हॉस्पिटल आलं होतं. नाव लिहीत नाही, कारण एक हिशेब अजून मिटलेला नाही. आणि खरं सांगायचं तर नाव कळून फारसा फायदाही नाही. हीच पद्धत मला नंतर मुंबई नाक्यापासून पंचवटीपर्यंत इतर मुलींच्या तोंडून जशीच्या तशी ऐकायला मिळाली.

मुलाखतीत सगळं गोड होतं. पगार अठरा हजार, आयसीयूचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग, राहायची सोय. बदल्यात दोन वर्षांचा बॉन्ड, मध्येच सोडलं तर दीड लाख. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "बेटा, फॉर्मॅलिटी आहे. तुमच्या ट्रेनिंगवर आमचा खर्च होतो ना." अण्णा सोबत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, दोन वर्षं म्हणजे आजपासून ना?" "हो हो, आजपासूनच," एचआरवाले सर म्हणाले. शंभराचा स्टॅम्प पेपर आम्हीच आणायचा होता.

जॉइनिंगच्या दिवशी तीन गोष्टी झाल्या. दहावी-बारावीची मार्कशीट, चारही वर्षांच्या मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट 'व्हेरिफिकेशनसाठी' ठेवून घेतलं, आठवड्याभरात परत देतो म्हणून. सही केलेला एक कोरा चेक घेतला. आणि बॉन्डची प्रत दिली नाही, "ती फाइलला असते." कागद घेतल्याची पोचसुद्धा नाही. समोर सात-आठ मुली रांगेत उभ्या, बाहेर ड्युटी लावायची घाई. अशा वेळी पोच मागणारी मुलगी तिथे आगाऊ ठरते, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

पहिला पगार बारा हजार आला. विचारल्यावर कळलं की पहिले सहा महिने आम्ही 'ट्रेनी', अठरा हजार त्यानंतर. त्या बारातूनही इंदिरानगरच्या फ्लॅटचं भाडं आणि मेस कापलेली. हॉस्पिटल साठेक खाटांचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 50 ते 100 खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक कमी नसावा, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा किमान 20,000 असावा, असं सुचवलं होतं. ही शिफारस आमच्या वॉर्डातल्या एकाही सिस्टरला माहीत नव्हती.

ट्रेनिंगची गोष्ट तर वेगळीच. एका सिस्टरने मॉनिटर आणि सिरिंज पंप दाखवला, व्हेंटिलेटरचे अलार्म कोणते ते सांगितलं, आणि त्याच आठवड्यात नाइटला एकटी. पण ट्रेनिंगचं एक रजिस्टर होतं. त्यात तीन महिन्यांच्या रोजच्या विषयांपुढे आमच्या सह्या एकदमच घेतल्या. तेव्हा वाटलं, हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारे एनएबीएचवाले येणार असतील, फाइल पुरी करत असतील. ते रजिस्टर कशासाठी होतं ते पुढे मी वकिलातर्फे पाठवलेल्या नोटिशीच्या उत्तरात कळलं: 'आम्ही दीड लाखाचं ट्रेनिंग दिलं, हा घ्या पुरावा.'

खरी मेख तारखेत होती. बॉन्डच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं की दोन वर्षं 'कन्फर्मेशनच्या तारखेपासून', म्हणजे नोकरीत कायम केल्यापासून, मोजायची. ट्रेनीचे सहा महिने त्यात नाहीत. विनापगारी रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे वाढणार. आणि कन्फर्मेशनचं पत्र कधी द्यायचं ते त्यांच्या हातात! माझ्याबरोबरच्या एकीला वर्ष उलटलं तरी ते मिळालं नव्हतं, म्हणजे बॉन्डच्या हिशेबाने तिचा पहिला दिवससुद्धा उजाडला नव्हता.

सरकारी भरतीत माझं नाव कागदपत्र पडताळणीपर्यंत गेलं तेव्हा मी मूळ कागद मागायला गेले. सर शांतपणे म्हणाले, "दीड लाख भरा आणि घेऊन जा. नाहीतर चेक टाकावा लागेल, मग कोर्टात या." पडताळणीची तारीख गेली. झेरॉक्सवर कोणी ऐकत नाही.

मैत्रिणी म्हणाल्या, कागद हरवले म्हणून पोलिसांत तक्रार दे आणि डुप्लिकेट काढ, युनिव्हर्सिटी इथेच म्हसरूळला आहे. काहीजणी असं करतातही. पण कागद कुठे आहेत हे माहीत असताना हरवले म्हणून लिहून देणं म्हणजे उद्या त्यांच्याच हातात आपल्याविरुद्ध आयता पुरावा.

शेवटी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिथे मिळालेल्या वकीलताईंनी तासाभरात जे सांगितलं ते कॉलेजच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कोर्ट कोणालाही जबरदस्तीने नोकरीवर परत पाठवत नाही. दीड लाख लिहिलेत म्हणून दीड लाख मिळतीलच असंही नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती रक्कम वरची मर्यादा असते, तिच्या आत कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं, आणि ट्रेनिंग खरंच झालं का हा प्रश्न तिथे येतो.

पण 'बॉन्डला कोर्टात काही किंमत नाही' असं सांगणाऱ्या रील्सवरही विसंबू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला. तिथे सरकारी बँक होती, भरतीच्या लांबलचक प्रक्रियेचा खर्च होता आणि अधिकाऱ्याचा पगार चांगला होता. बारा हजारांच्या ट्रेनी सिस्टरची गोष्ट वेगळी आहे, पण ते वेगळेपण कोर्टात मांडावं लागतं, आणि त्यासाठी बॉन्डची प्रत आणि पगाराच्या स्लिपा हाताशी लागतात.

माझ्या मते बॉन्डचा कागद हा या सगळ्यातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. मुलीला बांधून ठेवतात ते मूळ सर्टिफिकेट आणि तो चेक. चेकचं तर जास्तच. बाऊन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 लागतं, ते फौजदारी आहे, आणि नोटीस हातात पडल्यापासून पैसे भरायला पंधराच दिवस. बँकेत 'स्टॉप पेमेंट' करून किंवा खातं बंद करून सुटका होते हा गैरसमज आहे. तरीही केस होऊ शकते. देणंच नव्हतं हे आपल्याला दाखवावं लागतं.

म्हणून मूळ कागद काउंटरवर दाखवा, जुळवून घ्या म्हणा आणि तिथल्या तिथे परत घ्या. व्हेरिफिकेशन तेवढ्यात होतं. सहीआधी बॉन्डच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. 'कन्फर्मेशन', 'ट्रेनी', 'एक्स्टेंड' हे शब्द दिसले तर बॉन्ड संपण्याची नेमकी तारीख लिहून मागा. कोरा चेक देऊ नका. दिलाच असेल तर निदान त्याचा नंबर लिहून ठेवा.

वकीलताईंनी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. हॉस्पिटलवाल्यांनी आधी ते रजिस्टर पुढे केलं, मग कागद परत द्यायला तयार झाले, पण 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशा पत्रावर सही मागत होते. ताईंनी ते वाक्य खोडून फक्त 'कागद मिळाले' एवढं लिहून घेतलं. शेवटच्या महिन्याचा पगार आणि अनुभवाचं पत्र अजून दिलेलं नाही. चेक म्हणे सापडत नाही. तो नंबरासह 'ठेव म्हणून घेतलेला, कोणत्याही देण्यापोटी नाही' असं लेखी कळवून पोस्टाची पावती जपून ठेवली आहे. थकलेल्या पगारासाठी कामगार उपायुक्तांकडे अर्ज केला आहे.

कोणी आत्ता यात अडकलं असेल तर विधी सेवेचा मोफत क्रमांक 15100 आहे. जाताना बॉन्डचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट, ड्युटीचा रोस्टर आणि एचआरचे व्हॉट्सअॅप मेसेज सोबत न्या. माझ्या वेळी रोस्टरचे फोटो सगळ्यात जास्त कामाला आले, कारण 'ट्रेनिंग' चालू असल्याच्या तारखांना मी नाइटला एकटी होते हे त्यातच होतं.