अद्भुत कथा लिहायची तर स्वतःचं राज्य उभारावं की आपलाच गाव घ्यावा?

माझ्या कपाटात २०० पानी वही आहे. तिच्यात सात राज्यं आहेत, दोन चंद्र आहेत, ८०० वर्षांची वंशावळ आहे आणि पुरी झालेली गोष्ट एकही नाही. गोव्यात, फोंड्यात बसून तीन वर्षं मी तिच्यात घातली. त्यानंतर जे लिहिलं ते खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर घडणारं, आणि ते पुरं झालं. तेव्हा माझा कल कुठे आहे हे धरूनच पुढचं वाचा.

तरी कल्पित राज्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. तिथे कोणी रागावत नाही. आपल्या गावाच्या गोष्टीत राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, नैवेद्यासकट आणला की वाड्यावरचं कोणीतरी म्हणणारच, ‘आमच्या राखणदाराला विडी नाही चालत, रोटच लागतो.’ भाटकार, म्हणजे जमीनदार, रंगवला की चार घरांना तो आपला आजोबा वाटतो. जमीन, जात, देवळातला मान यांवर मोकळेपणी लिहायचं तर दूरचं राज्य हा चांगला आडोसा आहे. आणि सृष्टीचा नियमच बदलायचा असेल तर दुसरा इलाजही नाही. आपल्याकडे भरती दिवसातून दोनदा येते, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. आकाशात दुसरा चंद्र टांगलात की हे वेळापत्रक कोलमडलं; मग बंदरं, होड्या, मासेमारी, सगळं नव्याने मांडा. हा हिशेब ज्याला आवडतो त्याने जरूर करावा. मला फारच आवडायचा, म्हणून तर वही भरली.

आपल्या गावाची अडचण उलटी: वाचकाला सगळं ठाऊक असतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. त्यावर मी कथा लिहिली आणि सोय म्हणून गाव दिवाळीत वर काढलं. पावसाळा संपल्यावर धरण भरलेलं असतं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मामाने पहिलं पान वाचून कागद परत दिले. ‘दिवाळीत तिथे पोहत जावं लागेल रे तुझ्या माणसांना.’ मग मे महिना केला. आणि गंमत बघा, कथा त्या बदलानेच सुधारली. कुर्डीचे जुने रहिवासी उन्हाळ्यात खरोखरच तिथे जमतात, देवकार्य करतात. माझ्या पात्रांना एकत्र आणायला मला निमित्त शोधावं लागलं नाही. वहीतल्या राज्यात चूक पकडणारा मामा नव्हता. तो नसणं हे सुख आहे की तोटा, तुमचं तुम्ही ठरवा.

माझा निकाल मात्र यातल्या कशाने लागला नाही. लागला तो ग्रोलमुळे.

ग्रोल म्हणजे माझं उडतं जनावर. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या सोप्यात, बसून बायको मोठ्याने वाचत होती. पहिल्या पानावर ‘ग्रोल खाली उतरला’, तिसऱ्यावर ‘ग्रोल किंचाळली’, पाचव्यावर ‘जखमी ग्रोल निपचित पडलं होतं’. तिने मान वर केली. ‘तीन जनावरं आहेत का?’ एकच होतं. तीन वर्षांत मी त्याच्या पंखांची लांबी ठरवली होती, ते काय खातं ते ठरवलं होतं. तो, ती की ते, हे ठरवलं नव्हतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मागे हा ताप नाही. मराठीत क्रियापद लिंग विचारल्याशिवाय जागचं हलत नाही. मग अनेकवचन: दोन ग्रोल, ग्रोला की ग्रोली? मग राजधानी झार्नोक. फोंड्यात, म्हापशात, पेडण्यात म्हणताना जीभ आपसूक वळते. ‘झार्नोकमध्ये’ वाचताना पाठ्यपुस्तकातला धडा वाटतो आणि ‘झार्नोकात’ म्हटलं की घरात हसतात. सेनापतीने राजाशी बोलायचं कसं, तो आणखी एक फास. ‘तू’ उद्धट वाटतो, ‘आपण’ म्हटलं की जत्रेतलं ऐतिहासिक नाटक सुरू. ‘महाराज, ग्रोलांची तुकडी सज्ज आहे’ असं लिहिलं आणि मला ढिला मुकुट एका हाताने सावरणारा आमच्या वाड्यावरचा नटच दिसायला लागला. त्यानंतर त्या राजाला मी गंभीरपणे घेऊ शकलो नाही.

आता खाजनातली मानस घ्या. बांधातली लाकडी झडप. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते आणि आतलं पाणी नदीत सोडते. तिथे मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो. मी यात एकच बदल केला: ओहोटीच्या पाण्याबरोबर गाव जे विसरलाय तेही बाहेर पडतं आणि जाळ्यात अडकतं. बस्स. बांध, कोरगुटाचं भात, लिलाव, सगळं होतं तसंच. पण आता लिलावात चढी बोली कोण लावतो, कोणाला आपलं विसरलेलं परत हवंय आणि कोणाला ते जाळ्यातच कुजलेलं बरं, हे समजावून सांगायची गरज पडली नाही. बोली लावणारे एकमेकांना काय हाक मारतात तेही मला ठाऊक होतं.

वहीत मी एका मंदिरासाठी खडकावर कोरलेला चक्रव्यूह रचत बसलो होतो, आठवडाभर तरी. कुशावती नदीच्या काठी पणसायमळला तो जांभ्या दगडावर कोरलेला आहेच, शेजारी बैल नि हरणं.

हे सगळं माझ्यापुरतं. एखाद्याचं मन खरंच दूरच्या राज्यात रमतं, त्याला मी गावच्या बांधावर ओढणार नाही. पहिल्या दोन-तीन कथा तरी गावातल्या लिहून बघा, एवढंच म्हणेन. आणि वही आणलीच असेल तर नकाशा काढायच्या आधी पहिल्या पानावर तीन रकाने आखा: नाव, लिंग, आणि ‘त’ किंवा ‘ला’ लावल्यावर त्या नावाचं काय होतं ते. तिसरा रकाना घरातल्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.