इन्चार्ज झालात, आता आधी कोणतं पुस्तक घ्याल?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, जो चांगला मोल्डर (साचे बनवणारा) किंवा क्वालिटीवाला असतो, त्यालाच एक दिवस डिपार्टमेंटचा इन्चार्ज करतात. काम त्याला येतंच. माणसांकडून काम कसं काढायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मग 'काहीतरी वाचायला सुचवा' असं म्हणत तो येतो आणि आपण त्याच्या हातात वीस पुस्तकांची यादी ठेवतो. पाळ्या सांभाळून वीस पुस्तकं कोण वाचणार? त्यापेक्षा जोड्या लावू. प्रत्येक जोडीतलं एक घ्या. सगळी मुळात इंग्रजीत आहेत, म्हणून भाषा किती जड आहे हेही सांगतो.

पहिली जोडी कोचिंगची. मायकल बंगे स्टेनियरचं 'द कोचिंग हॅबिट' (२०१६) पातळ, सोपं आणि सात प्रश्नांभोवती बांधलेलं. त्यातला 'आणखी काय?' हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. फेटलिंगवरचा, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारा पोरगा येऊन म्हणतो, "साहेब, ब्लोहोल वाढल्यात." (ब्लोहोल म्हणजे वायू अडकून धातूत पडणारी भोकं.) तुमच्या तोंडावर उत्तर तयार असतं: सँडचं मॉइश्चर, म्हणजे साच्याच्या वाळूतला ओलावा बघ. ते गिळायचं आणि त्यालाच विचारायचं. तोही आधी मॉइश्चरच म्हणेल. "आणखी काय?" मग व्हेंटिंगचं, म्हणजे साच्यातून वायू बाहेर जायच्या वाटांचं नाव निघेल. पुन्हा "आणखी काय?" तेव्हा कुठं बाहेर येतं की रात्रपाळीला कोअरवरचा (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवायच्या वाळूच्या ठोकळ्यावरचा) कोट पुरता वाळायच्या आतच कोअर साच्यात बसतोय. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

दुसरं जॉन व्हिटमोरचं 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' (१९९२). ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निश्चय अशा चार पायऱ्यांनी बोलणं न्यायची ती प्रसिद्ध 'ग्रो' पद्धत याच पुस्तकानं जगभर नेली. व्हिटमोर मूळचा मोटार शर्यतपटू, १९६५ चा युरोपियन टुरिंग कार विजेता. त्याच्यावर टेनिस शिकवणाऱ्या टिमथी गॅलवेचा मोठा प्रभाव. गॅलवे हातापायांबद्दल सूचना द्यायचा नाही. चेंडू टप्पा खाल्ला की 'टप्पा' आणि रॅकेटला लागला की 'फटका' एवढंच खेळाडूला म्हणायला लावायचा. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून "पट काढ, पट!" म्हणून ओरडणारा वस्ताद बघत वाढलेल्या आपल्याला हे जरा अळणीच वाटतं. हाताखाली सुपरवायझर असतील आणि त्यांच्याशी महिन्यातून एकदा निवांत बसायची सोय असेल, तर व्हिटमोर घ्या. फ्लोअरवर उभ्या-उभ्याच बोलणं होत असेल, तर स्टेनियर.

लीडरशिपमध्ये माझं मत सरळ डेव्हिड मार्केच्या 'टर्न द शिप अराउंड'ला. हा अमेरिकी नौदलातला पाणबुडीचा कप्तान. वर्षभर अभ्यास केला एका पाणबुडीचा आणि ऐन वेळी हातात आली दुसरीच, 'सांता फे'. एका सरावात त्यानं पर्यायी मोटरवर वेग वाढवायचा हुकूम दिला. त्या मोटरला तसा टप्पाच नव्हता. अधिकाऱ्याला ते ठाऊक होतं, तरी त्यानं हुकूम जसाच्या तसा खाली दिला, कारण कप्तानानं सांगितलं होतं! 'साहेब म्हणाले म्हणून केलं' हे वाक्य आपल्याकडं कुठल्या कारखान्यात ऐकू येत नाही? मार्केनं परवानगी मागणं कमी करून 'मी अमुक करणार आहे' असं सांगायची सवय लावली. मात्र हे अर्धवट वाचून कामाला लागू नका. अधिकार सोडण्याआधी कौशल्य आणि उद्देशाची स्पष्टता हवी, असं तो बजावतो. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड ओतणाऱ्या नवख्याला 'तूच ठरव' म्हणणं हा गाढवपणा आहे.

हायफेट्झ आणि लिन्स्की यांचं 'लीडरशिप ऑन द लाइन' (२००२) जड आहे. पण जुनी खोडं तुमच्या विरोधात उभी असतील, तर तेच उपयोगी. लोक बदलाला नव्हे, त्यात जाणाऱ्या गोष्टीला घाबरतात, हा त्यांचा मुद्दा. पंचवीस वर्षं नुसत्या नजरेनं धातू ओळखणाऱ्या मिस्त्रीसमोर धातूत काय किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आणून ठेवलात, तर त्याचा मानच जातो.

राहिली बदलत्या जगाची जोडी. इथं वाचणारा कोण, यावर सगळं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं वडिलांचं वर्कशॉप हातात घेणाऱ्यानं क्लेटन ख्रिस्तेन्सेनचं 'द इनोव्हेटर्स डिलेमा' (१९९७) वाचावं. त्यातलं उत्खनन यंत्रांचं प्रकरण आधी काढा. दोरावर चालणारी मोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना सुरुवातीची हायड्रॉलिक यंत्रं खेळणी वाटली. बकेट लहान, ताकद कमी, मोठ्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नाहीत. त्यांच्यावर गटारीचे चर खणले जायचे. पुढं हायड्रॉलिकची ताकद वाढत गेली आणि सुमारे तीस जुन्या कंपन्यांपैकी चारच टिकून नव्या यंत्रांकडे वळू शकल्या. हायड्रॉलिक यंत्रं घेऊन उतरलेल्या नव्या भिडूंमध्ये जेसीबी होती. नुसत्या इंजिनाच्या कास्टिंगवर ज्यांची ऑर्डरबुक भरलेली आहे आणि गिऱ्हाईकही खूश आहे, त्यांनी इलेक्ट्रिक गाड्या डोळ्यांपुढं ठेवून हे प्रकरण दोनदा वाचावं.

हान्स रोसलिंगचं 'फॅक्टफुलनेस' (२०१८) यापेक्षा कितीतरी हलकं. जगाबद्दलचे आपले अंदाज किती चुकतात, हे आकड्यांनिशी दाखवतं. धंद्याचा निर्णय त्यावरून होणार नाही. पण घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर हेच घ्या, तुमच्याआधी तेच वाचून संपवेल.