नारळीकरांची जुनी पुस्तकं हवी असतील तर सांगलीच्या गणपती पेठेतलं हे दुकान बघाच

२०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट गेलं, त्यात जयंत नारळीकर सरांची सगळी पुस्तकं होती, चिखलाचा गोळा झालेली 'यक्षांची देणगी' मी स्वतःच्या हातानं टाकून दिली तेव्हा लय वाईट वाटलेलं. २०२५ च्या मे मध्ये सर गेले आणि ती पुस्तकं परत घ्यायचीच असं ठरवलं. आधी ऑनलाइन मागवलं तर झेरॉक्स काढून बाइंड केलेली कॉपी आली, पानं तिरकी, अक्षरं पुसट, लगेच परत केली.

मग कुणीतरी गणपती पेठेच्या मागच्या बोळातलं हे जुन्या पुस्तकांचं दुकान सांगितलं. पाटी धड दिसत नाही, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. काकांना म्हटलं नारळीकर आहेत का, तर म्हणाले "बसा" आणि शिडी लावून वरच्या फळीवरनं 'यक्षांची देणगी' काढलंच की ओ! पहिल्या पानावर पेन्सिलीनं ८० रुपये लिहिलेलं, तेवढेच घेतले.

सोबत सातवीतला मुलगा होता, तो त्यातल्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचं नाव वाचून हसायला लागला. काकांनी जुन्या कॅलेंडरची पट्टी फाडली, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली आणि म्हणाले, "मधनं रेघ ओढत जा, पेन्सिल उचलायची नाही." रेघ फिरून जिथनं निघाली तिथंच आली आणि कागदाला कोरी बाजूच उरली नव्हती! पोरगं गप्प. "हीच मोबियसची पट्टी, आता गोष्ट वाच, त्यात उजव्या हातानं बॉलिंग टाकणारा डावखुरा कसा होतो ते कळंल." घरी येऊन त्यानं एका बैठकीत वाचली.

काका सरांबद्दल भरभरून बोलतात. जन्म १९३८ चा, आपल्या शेजारच्या कोल्हापुरातला, वाढले बनारसला, केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केलं, ते हॉईल पण विज्ञानकथा लिहायचे. मला सगळ्यात भिडलेली गोष्ट १९७४ ची. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला सरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. १९६५ लाच पद्मभूषण मिळालेला माणूस, नुसतं नाव टाकलं असतं तरी परीक्षक दबले असते, पण कथा कथेच्याच जोरावर टिकते का ते त्यांना बघायचं होतं. एवढा मोठा माणूस आणि एवढा सरळ, अजून वाचताना अंगावर काटा येतो.

दुकानात धूळ आहे, पुस्तकं विषयवार लावलेली नाहीत, यूपीआय नाही, रोख न्या. दुपारी एक ते चार बंद. सरांची 'प्रेषित' ही कादंबरी अजून मिळालेली नाही, काकांनी वहीत माझा नंबर लिहून घेतलाय.