बदली झालेल्या साहेबांचं फर्निचर

फसवणुकीचा मेसेज ओळखीच्याच नावानं येतो. फेसबुकवर आधीपासून मित्रयादीत असलेल्या माणसाची पुन्हा रिक्वेस्ट येते. जुनं अकाउंट बंद पडलं असेल असं समजून आपण ती स्वीकारतो. मग मेसेंजरवर, 'कसे आहात? आपला नंबर पाठवा.' नंबर दिला की पुढचा निरोप: माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, त्यांची बदली झाली आहे, घरचं सामान स्वस्तात काढायचंय, ते तुम्हाला फोन करतील.

एरवी 'काय भावा, कुठं हाईस?' म्हणणारा तालमीतला मित्र एकदम पुस्तकी मराठी किंवा हिंदी लिहायला लागला, तर ती सगळ्यात मोठी खूण. पण पुढं आलेला सोफा, डबल डोअर फ्रीज, एसी आणि बुलेटचा फोटो बघून ती खूण विसरली जाते. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही असतं. सैन्यात माणसं देणारी गावं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ, त्यामुळं गणवेशावर शंका घेणं इथं जिवावर येतं. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी सामान ट्रकात भरल्याचा फोटो आणि 'अर्धी रक्कम पाठवा'. मग 'गाडी किणी टोलनाक्यावर अडवलीय, कागदपत्रांचे भरा, सामान उतरलं की परत मिळतील'. शेवटी तो 'परतावा' देण्यासाठी क्यूआर कोड येतो, आणि तो स्कॅन करून पिन टाकला की उरलेलेही जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

इथं बहुतेकांचा एक गैरसमज होतो. ज्याच्या नावानं मेसेज आला तो 'माझं अकाउंट हॅक झालं' म्हणून पासवर्ड बदलतो. त्यानं काही होत नाही, कारण खातं फुटलेलंच नसतं. कुणीतरी उघडा पडलेला फोटो उतरवून त्याच नावाचं नवं खातं काढलं आणि उघडी मित्रयादी बघून एकेकाला रिक्वेस्ट धाडली, एवढंच. म्हणजे बंद करायची ती मित्रयादी.

सेटिंग्जमध्ये 'हाऊ पीपल फाइंड अँड काँटॅक्ट यू' उघडा. तिथं मित्रयादी कोण बघू शकतं हे विचारलेलं असतं, ते 'ओन्ली मी' करा. फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं, हेही तिथंच आवळा. 'फ्रेंड्स' ठेवून भागत नाही. एखाद्या मित्रानं नकली रिक्वेस्ट स्वीकारली की पब्लिक आणि फ्रेंड्स यांतला फरक संपला. यादी बंद केली तरी सामाईक मित्र दिसतातच, हे ध्यानात असू द्या.

दुसरी फट प्रोफाइल फोटोची, आणि ती जवळजवळ सगळ्यांचीच उघडी असते. फोटो पब्लिक असेल तर त्याला लाइक आणि कमेंट करणाऱ्यांची नावं कुणालाही दिसतात. वाढदिवसाच्या फोटोखाली शुभेच्छा देणारे दोनशे जण म्हणजे आयती मित्रयादीच. म्हणून प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून 'लॉक प्रोफाइल' करा. मग मोठा फोटो आणि पोस्ट फक्त मित्रांना दिसतात, जुन्या पब्लिक पोस्टही मित्रांपुरत्या होतात. मंडळाच्या किंवा शाळेच्या बॅचच्या पब्लिक पेजवरच्या तुमच्या कमेंटना मात्र हे कुलूप लागत नाही. तिथं मोबाइल नंबर टाकू नका. इन्स्टाग्रामवर खातं 'प्रायव्हेट' करा, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोफाइल फोटो 'माय काँटॅक्ट्स'पुरता ठेवा.

नकली खातं निघालंच, तर तो बनवणारा बहुतेक वेळा खऱ्या माणसाला आधी ब्लॉक करतो. त्यामुळं तुमच्या फोनवर शोधून ते सापडणार नाही. मित्राच्या फोनवरून बघा. रिपोर्ट करण्याआधी त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून घ्या आणि स्क्रीनशॉट काढा. नुसतं नाव कामाचं नाही, त्या नावाची बरीच खाती असतात. मग तीन ठिपके, रिपोर्ट, आणि दुसऱ्याच्या नावानं वावरत असल्याचा पर्याय. मित्रांनी 'अ फ्रेंड' निवडून तुमचं खरं खातं दाखवायचं.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. नातेवाइकांना सांगणं, त्या 'साहेबां'शी भांडणं, दोन्ही नंतर. पिन आपल्याच हातानं टाकलेला असतो, त्यामुळं बँकेकडून भरपाईची आशा धरू नका. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तिथंच गोठवली गेली, तरच ती परत मिळायची शक्यता, आणि ती दर तासाला कमी होते. फोन करताना हाताशी हे ठेवा: गेलेली रक्कम, वेळ, तुमचा खाते क्रमांक आणि यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप केल्यावर दिसणारा १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. दोन-तीन वेळा पैसे पाठवले असतील तर प्रत्येकाचा यूटीआर वेगळा असतो. सगळे द्या.