मरायला टेकलेलं ऑर्किड लगेच फुललं? सांगलीकरांनो, आधी दांडा हलवून बघा

सासूबाईंचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड पावसाळ्यात खंगलं. पानं सुरकुतली, लोंबली. विश्रामबागेत घरोघरी फिरणाऱ्या एका ‘झाडांच्या डॉक्टर’नं ती कुंडी उचलली. "काकू, फुलासकट आणून देतो बघा. मुळांना इंजेक्शन द्यायला लागतंय." पंधराशे रुपये, निम्मे आधी.

आणि दोन-तीन आठवड्यांत कुंडी आली ती जांभळ्या फुलांनी लगडलेली! उरलेले पैसे गेलेच, वर चहा-पोहेही झाले.

पुढच्याच आठवड्यात सगळी फुलं एकदम मऊ पडली. झाडावरची फुलं सहसा अशी एका दिवशी संप पुकारत नाहीत. मी दांडा धरला, तर अलगद हातात आला. खाली रबरी टोपणाची पाण्याची नळी. बुकेवाले ऑर्किडच्या देठाला लावतात ना, तीच. मॉसमध्ये, म्हणजे कुंडीतल्या शेवाळात, खुपसून दांडा काडीला क्लिपनं अडकवलेला. झाड होतं तसंच, कुजकं.

खरा दांडा मॉसमधून येत नाही, पानाच्या बेचक्यातून फुटतो. कोंब दिसल्यापासून फूल उमलायला दोन-तीन महिने जातात. त्यातही तो बहुतेकदा थंडीत, रात्री काही आठवडे गार गेल्या की निघतो. मुळं कुजलेलं झाड पावसाळ्यात फुलेल कसं? इंजेक्शन तर साफ थाप.

पैसे देण्याआधी मुळं दाबून बघा. जिवंत मूळ टणक, कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवं. कुजलेलं पिचपिचीत, साल निसटून नुसता दोरा उरतो.

आमचं झाड मग घरीच हाताळलं. स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं कुजकी मुळं कापली, झाडाच्या सालीचे तुकडे नि कोळसा घालून नव्यानं बसवलं, पडद्याआडच्या उजेडात ठेवलं. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू द्यायचं नाही. खत नवी मुळं फुटल्यावरच, आणि त्याला महिने लागतात. एक टणक मूळ शिल्लक आहे, त्यावर सासूबाईंची भिस्त.

निम्मे पैसे यूपीआयनं दिले होते, तेवढाच पुरावा. तो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार केली. त्याआधी त्या ‘डॉक्टर’ला फोन लावला होता. गडी म्हणतो, "फुलं आली होती का नाही, तेवढं सांगा."